चोखोबांच्या घरातले पाच आवाज : दुःख, श्रद्धा आणि रोजच्या कामातली कविता



बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा आणि विचारा, ‘सिंदखेडराजा कशासाठी प्रसिद्ध आहे?’ सगळा वर्ग एका आवाजात उत्तर देईल. आता लगेच दुसरा प्रश्न विचारा, ‘मेहुणाराजा कशासाठी?’ बहुतेक वेळा वर्ग शांत होतो. मेहुणाराजा हे आपल्याच देऊळगावराजा तालुक्यातलं गाव. संत चोखामेळ्यांचं जन्मगाव म्हणून आपल्या भागाची परंपरा या गावाला मानते. त्यांची बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांचं गाव म्हणूनही मेहुण्याचं नाव संतकथांमध्ये येतं.

संत चोखामेळा शिकवताना आपण बहुतेक वेळा एवढंच सांगतो : ते विठ्ठलाचे थोर भक्त होते, त्यांना देवळात जाऊ दिलं नाही, तरी त्यांची भक्ती कमी झाली नाही. यात खोटं काही नाही. पण एवढ्यावर थांबलो तर लेकरांच्या मनात एक भोळाभाबडा, सगळं सोसणारा माणूस तयार होतो, आणि त्याच्या घरातली बाकीची माणसं तर दिसतच नाहीत. खरं म्हणजे ते एका माणसाचं नाही, एका कवी कुटुंबाचं घर होतं. म्हणून या लेखात ते घर वर्गात कसं उभं करता येईल ते पाहू. इयत्ता सातवी ते दहावीसाठी हा पाठ दोन ते तीन तासिकांत बसतो.

१) घर कोणाकोणाचं?

फळ्यावर आधी नाती काढा. मधे चोखामेळा. त्यांची पत्नी सोयराबाई. मुलगा कर्ममेळा. बहीण निर्मळा. निर्मळेचे पती बंका, आणि हे बंका म्हणजे सोयराबाईंचे भाऊ. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात, तसं हे नातं. लेकरांना हे झटकन कळतं, कारण साटंलोटं त्यांनी घरी ऐकलेलं असतं.

आता प्रत्येक नावापुढे आकडा लिहा. चोखामेळ्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. सोयराबाईंचे साठाच्या वर, बंकांचे चाळीसच्या आसपास, कर्ममेळ्याचे पंचवीसच्या वर आणि निर्मळेचे चोवीसच्या आसपास. एका घरातली पाच माणसं, त्यात दोन बाया, आणि पाचही जण कविता करणारे. काळ चौदाव्या शतकाच्या आगेमागेचा, देवगिरीच्या यादवांचं राज्य मोडण्याचा. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा.

इथे थोडं थांबा आणि विचारा, ‘सातशे वर्षांपूर्वीच्या किती बायांचे शब्द आज आपल्याला वाचायला मिळतात?’ जनाबाई, मुक्ताबाई अशी नावं येतील. त्याच ओळीत सोयराबाई आणि निर्मळा ही नावं लिहा.

२) त्यांचा दिवस कसा जात असेल?

लेखक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्ची, वही, पेन येतं. या घरात यातलं काहीच नव्हतं. हे कुटुंब त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातलं. राहायचं गावकुसाच्या बाहेर. गावगाड्यात या समाजावर टाकलेली कामं म्हणजे गावाची राखण करणं, वेशीवर थांबणं, सांगावे पोचवणं, रस्ते झाडणं, गावच्या सीमेच्या खुणा लक्षात ठेवणं, मेलेली ढोरं ओढून नेणं. मोबदला म्हणून बलुतं, आणि बऱ्याचदा उरलंसुरलं अन्न. शिवाय वेठ होतीच. वेठ म्हणजे बिनपैशाचं, नाही म्हणता न येणारं काम. हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो.

या दिवसात लिहायला वेळ कुठला? इथेच पाठाचा पहिला महत्त्वाचा मुद्दा येतो. हे लोक काम बाजूला ठेवून कविता करत नव्हते, काम करता करताच ती होत होती. ती आधी ओठावर यायची, मग ध्यानात राहायची, मग कीर्तनात गायली जायची. लिहून घेणारा माणूस दुसराच असायचा. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या लेखकाने लिहून घेतले असं परंपरा सांगते. देवळाच्या आत आणि देवळाच्या बाहेर असे दोन भाग पाडणाऱ्या समाजात, बाहेरच्याचे शब्द उतरवून घ्यायला एक भट्ट बसला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यावर मुलांना बोलू द्या.

चोखोबांच्या कवितेत या कामाचे शब्दच येतात. ‘जोहार’ हा त्या काळी महार समाजाने वरच्यांना करायचा नमस्कार होता. चोखोबांनी तोच शब्द घेतला आणि विठ्ठलाला जोहार घातला. पुढे एकनाथांनी जोहार या प्रकारात भारुडं रचली. म्हणजे अपमानाच्या जागचा शब्द उचलून त्याचं काव्य केलं, आणि पुढे ते दुसऱ्यांनाही उसनं घ्यावंसं वाटलं.

३) अभंगच का?

मराठीच्या शिक्षकांनी इथे छंदाची ओळख करून द्यावी. मोठ्या अभंगात एका चौकाचे चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. म्हणजे सगळी मिळून बावीस अक्षरं. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. लघू-गुरूचा हिशेब नाही, फक्त अक्षरं मोजायची.

आता विचार करा. ज्याला पाटी नाही, पुस्तक नाही, शाळेत बसायची परवानगी नाही, त्याला संस्कृत वृत्तांची गणितं कोण शिकवणार? पण बावीस अक्षरं बोटावर मोजता येतात. झाडू मारताना, लाकडं वाहताना, जात्यावर बसल्यावर मनात घोळवता येतात. म्हणून अभंग हा नुसता छंद नाही, तो कष्टकऱ्याला परवडणारा छंद आहे. ‘अभंगाला ओवीशी नातं का आहे?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडतं.

४) दुःख कोणतं होतं?

‘दुःख’ हा शब्द वर्गात फार मोघम वापरला जातो. त्याचे तीन भाग करून दाखवा.

पहिलं दुःख अपमानाचं. पंढरपूरला जायचं, पण देवळात पाऊल टाकायचं नाही. ज्याच्यासाठी गावं तुडवत यायचं, त्याला लांबूनच पाहायचं. मेहुण्याहून पंढरपूर सरळ रेषेत मोजलं तरी अडीचशे किलोमीटरच्या वर भरतं. पायवाट तर आणखी लांबची. नकाशावर हे अंतर मुलांना पट्टीने मोजायला लावा. मग सांगा, एवढं चालून आलेल्या माणसाला शेवटच्या पन्नास पावलांची बंदी होती.

दुसरं दुःख घरातलं. घरात दाणा नाही, बाळंतपण तोंडावर आलंय, करायला कोणी नाही. सोयराबाईंच्या अभंगांत संसाराची ही काळजी येते. संतांच्या घरीही चूल पेटवायची पंचाईत असते, हे मुलांना कळायला हवं.

तिसरं दुःख मरणाचं. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. त्या कामावर चोखोबा होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तेही गेले. वैशाख वद्य पंचमीला त्यांची पुण्यतिथी पाळतात. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना मनाई होती, तेच कूस बांधताना त्यांचा जीव गेला. यावर मोठं भाषण करू नका. एवढं एक वाक्य सांगा आणि गप्प राहा. मुलं स्वतः बोलतात.

५) मग श्रद्धा कशी टिकली?

परंपरेत एक कथा आहे. सोयराबाईंचे दिवस भरले होते, घरात काही नव्हतं. चोखोबा बहिणीला आणायला, काही मदत मिळते का पाहायला मेहुण्याला गेले. इकडे सोयराबाईंना कळा सुरू झाल्या. तेव्हा विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला. नणंद होऊन त्याने बाळंतपण केलं, न्हाऊमाखू घातलं, स्वयंपाक केला. खरी निर्मळा आली तेव्हा कळलं की आधी येऊन गेलेली कोणी दुसरीच होती.

वर्गात दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात : ही इतिहासातली नोंद नाही, लोकांनी जपलेली कथा आहे. पण कथा खोटी म्हणून बाजूला टाकायचीही नाही. ती काय सांगते ते पाहायचं. त्या घराला कसला देव हवा होता? सोन्याच्या सिंहासनावरचा नाही. अडल्या वेळी धावून येणारी नणंद, तसा देव. विटाळ न मानता बाळंतिणीच्या खोलीत शिरणारा. ज्या बाईला देवळात जायची बंदी, तिच्याच घरी देव येतो आणि कामाला लागतो. जनाबाईंच्या कथांमध्येही तो दळू-कांडू लागतो. कष्टकऱ्यांनी देवाची कल्पनाच बदलून टाकली होती, आणि श्रद्धा टिकली ती या बदललेल्या देवावर.

६) एकच दुःख, चार उत्तरं

आता पाठाचा गाभा. या घरातली माणसं एकाच अन्यायाखाली जगली, पण चौघांचा सूर चार तऱ्हेचा आहे.

चोखोबा विनवतात आणि समजावतात. वरचं रूप पाहून माणसाची किंमत करू नका, आतला रस पाहा, असा त्यांचा आग्रह. मधेच त्यांचा कंठ दाटतो, ते देवाशी भांडतातही, पण हात जोडलेलेच राहतात.

सोयराबाई वाद घालतात. विटाळ विटाळ म्हणता, पण विटाळाशिवाय कोणाचा देह जन्माला आला? असा त्यांचा प्रश्न. हा नुसता हुंदका नाही, युक्तिवाद आहे. विज्ञानाच्या तासाला शोभेल असा. स्वतःची सही मात्र त्या नवऱ्याच्या नावाने, ‘चोख्याची महारी’ अशी करतात. जात आणि नवरा या दोन्ही ओळखी तशाच ठेवून त्या जातीचाच पाया हलवतात. ‘त्यांनी नुसतं सोयरा असं का नाही म्हटलं?’ हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलींना जरूर विचारा. चांगली चर्चा होते.

निर्मळा आतल्या आत शांत होऊ पाहते. संसाराचा तिला कंटाळा, भावाला ती गुरू मानते, आणि नामात आधार शोधते.

कर्ममेळा रागावतो. आम्हाला असा हीन जन्म दिलास, उष्टं खायला लावलंस, मग तुझ्या मोठेपणाचा आम्हाला काय उपयोग, असं तो देवाला थेट विचारतो. बापाची पिढी विनवत होती, मुलाची पिढी जाब विचारते. आपल्या घराघरांतही हेच चालत नाही का?

बंका हा पाचवा आवाज. त्याच्या अभंगांत चोखोबांबद्दलचा आदर दिसतो. घरातल्या माणसाचं मोठेपण घरातल्याच माणसाने ओळखावं, हेही काही कमी नाही.

मुलांना सांगायची गोष्ट ही : दुःखाचं एकच ‘बरोबर’ उत्तर नसतं. कोणी विनवतं, कोणी वाद घालतं, कोणी गप्प बसतं, कोणी चिडतं. आणि या घराने कोणाचंच तोंड दाबलं नाही. चिडलेल्या मुलाचे अभंगही तितक्याच जिव्हाळ्याने जपले गेले.

७) पुढे काय झालं?

परंपरा सांगते की संत नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची. त्या अस्थी पंढरपूरला आणून विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेव पायरीसमोर ती आजही आहे. म्हणजे मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेरच.

ते दार उघडायला आणखी सहाशे वर्षं लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं आणि मंदिर सर्वांसाठी खुलं झालं. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला.

पण बाबासाहेबांची दुसरी बाजूही मुलांपुढे ठेवावी. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना त्यांनी म्हटलं होतं की संतांनी जातीविरुद्ध चळवळ उभारली नाही, देवापुढे सगळे समान एवढंच सांगितलं. आदर आणि टीका दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे पेलतं. ‘माझा आवडता संत’ या निबंधाच्या ठरीव साच्यातून बाहेर काढायला याचा फार उपयोग होतो.

८) शिकवताना घ्यायची काळजी

• कोणत्याही मुलाला त्याची जात विचारू नका, सुचवू नका. आडनावावरून अमक्यालाच अभंग वाचायला उभं करू नका.
• ‘पूर्वी असं होतं, आता नाही’ असं म्हणून विषय गुंडाळू नका. मुलांना गावातलं सगळं दिसत असतं. त्याऐवजी ‘आजही दार बंद असलेली ठिकाणं कोणती?’ असं विचारा. दार म्हणजे देवळाचंच असं नाही, खेळाचं मैदान, पाणवठा, मैत्रीचा घोळका काहीही असू शकतं.
• आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. वर्गात बाप गमावलेलं एखादं लेकरू असू शकतं. चोखोबांच्या मृत्यूचा भाग शिकवताना त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतील असं काही बोलू नका. ‘तुझ्या घरच्या दुःखावर लिही’ असा गृहपाठ तर मुळीच देऊ नका. लिहावंसं वाटलं तर वही उघडी आहे, दाखवायची सक्ती नाही, एवढं पुरे.
• ‘श्रद्धा ठेवली की दुःख जातं’ असं सांगू नका. या घराचं दुःख गेलं नाही. श्रद्धेने त्यांना बोलायला एक समोरचा माणूस दिला, ज्याच्याशी भांडता येतं. तेवढंच सांगा, ते खरं आहे.

९) वर्गातले उपक्रम

१. दिवसाचं वेळापत्रक : गट करून सोयराबाईंचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहा. शेवटी विचारा, ‘अभंग कधी सुचला असेल?’
२. चार खुर्च्या : चार मुलं चोखोबा, सोयराबाई, निर्मळा आणि कर्ममेळा होतात. प्रश्न एकच, ‘देवळाचं दार बंद आहे, आता काय करायचं?’ प्रत्येकाने आपापल्या सुरात उत्तर द्यायचं. नंतर खुर्च्या बदला. चिडणाऱ्याला विनवायला आणि विनवणाऱ्याला चिडायला लावा.
३. बावीस अक्षरं : सहा, सहा, सहा, चार. विषय रोजच्या कामातला, उदाहरणार्थ पाणी भरणं, कापूस वेचणं, बसची वाट पाहणं. अक्षरं बोटावर मोजायची, कागद नंतर.
४. नकाशा : मेहुणाराजा, मंगळवेढा, पंढरपूर ही तीन गावं जोडा. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव या वाटेने येते. ती वाटही त्याच नकाशावर काढा. आपल्या दारावरून जाणारी वाट आणि चोखोबांची पंढरी मुलांना एका कागदावर दिसेल.

विचार करण्यासाठी प्रश्न :
• सोयराबाईंचा विटाळाबद्दलचा प्रश्न आणि विज्ञानात शिकलेली शरीररचना यांचा संबंध काय?
• कर्ममेळ्याचा राग ही भक्ती म्हणता येईल का? का?
• कथा आणि इतिहास यांत फरक कसा ओळखाल? या पाठातलं प्रत्येकी एक उदाहरण द्या.

१०) पालकांसाठी दोन शब्द

घरात कोणी गेलं, पीक गेलं, पैसा गेला की आपण मुलांसमोर बोलत नाही. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ म्हणतो. मुलाला सगळं कळत असतं, फक्त त्याच्याजवळ शब्द नसतात. चोखोबांच्या घरात पैसा नव्हता, जमीन नव्हती, मान नव्हता. पण एकमेकांसमोर बोलायची मोकळीक असावी, नाहीतर एका छपराखाली पाच जणांचे पाच वेगळे सूर निघाले नसते.

तेव्हा मूल चिडून काही बोललं, देवालाच नावं ठेवली, तर लगेच ‘गप बस’ म्हणू नका. आधी ऐकून घ्या. मूल कागदावर चार ओळी खरडत असेल तर ‘अभ्यास सोडून हे काय चाललंय’ असंही म्हणू नका. आणि सुट्टीत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान दाखवायला न्याल, तेव्हा मेहुणाराजाही दाखवा. दोन्ही गावं आपलीच आहेत.